थैलीतलं नववं फोल्डर

आमच्या इमारतीत मला राजदूत म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण जिन्यात आवाज घुमतो आणि मी काही बहिरा नाही. वास्तविक मी एका परक्या देशाच्या वकिलातीत साधा कारकून आहे, तोही इथलाच, इथेच जन्मलेला आणि इथेच भरती झालेला. बावीस वर्षं झाली. माझ्याकडे आवक-जावक आहे, टंकलेखन आहे आणि थैली आहे. यातलं शेवटचं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे.

थैली म्हणजे वकिलातीतून त्यांच्या देशातल्या मुख्य कार्यालयात जाणारी टपालाची बॅग. जाड करड्या कापडाची, गळ्याशी दोरी, दोरीला शिशाचं सील आणि सिलावर त्या देशाचं बोधचिन्ह. व्हिएन्ना करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं सत्ताविसावं कलम सांगतं की ही थैली कोणी उघडायची नाही आणि कोणी अडवायची नाही. पोलिसांनी नाही, कस्टमने नाही, खुद्द मंत्र्याने नाही. मात्र थैलीत फक्त सरकारी कागद आणि सरकारी वापराच्या वस्तू असाव्यात, हेही त्याच कलमात आहे. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या भागाचं विचाराल तर राजदूतांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या बाईसाहेबांचे, पडदे, दोन भिंतीवरची घड्याळं आणि एक चहाचा संच मी स्वतः या थैलीतून पाठवलेला आहे. यादीत मी ‘सरकारी वापराचे साहित्य’ असं लिहितो. अक्षर माझं चांगलं आहे.

हा करार मी इमारतीत इतक्यांदा समजावून सांगितलाय की लोक मला बघून जिना बदलतात, आणि जिना एकच आहे. मागे पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तेव्हाही मी सत्ताविसावं कलम काढलं होतं. त्याचा टाकीशी काडीचा संबंध नव्हता, पण सभा शांत झाली. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट अशी लागते की जी आपल्याला येते आणि शेजाऱ्याला येत नाही.

तर झालं असं की आमच्या मुलीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिल्या वर्षी चार नंबरांनी हुकला होता, आणि मग ही पोरगी अख्खं वर्ष स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिली. हिने, म्हणजे तिच्या आईने, वर्षभर सकाळचा मिक्सर लावला नाही. दुसरं काहीतरी शीक म्हणून मी सुचवलं तर मुलगी म्हणाली, “बाबा, मला दुसरं काही नकोच आहे.” लंगडं कुत्रं, एका डोळ्याची मांजर, पंख मोडलेलं पाखरू, जे जे रस्त्यावर विव्हळत असेल ते ते आमच्या दारात, हे लहानपणापासूनचं. आता यादीत नाव लागलं होतं. सोमवारी पाचच्या आत मूळ गुणपत्रिका नेऊन दाखवायच्या आणि सोबत प्रत्येकीच्या प्रती द्यायच्या, एवढंच उरलं होतं.

त्या प्रती कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या असत्या. मुलगी निघालीच होती. मी म्हणालो, “बाहेर कशाला? ऑफिसात काढून आणतो.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य ते. फुकट ते पौष्टिक असं म्हणतात, पण कोणाला, ते कोणी सांगत नाही.

सगळी मूळ कागदपत्रं तिने एका निळ्या फोल्डरात घालून दिली. फोल्डर वकिलातीचंच, वर बोधचिन्ह छापलेलं. आमच्या घरात निळ्या फोल्डरांचा तुटवडा कधी पडला नाही. वकिलातीत त्यांच्या पेट्या येतात आणि त्यातल्या काहींना माझ्या घराची ओढ असते.

मंगळवार हा थैलीचा दिवस. तीनपर्यंत प्रत्येक विभागाने आपापली फोल्डरं माझ्या टेबलावर आणून ठेवायची, मी मोजायची, यादी लिहायची, तिसऱ्या सचिवांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या साहेबांनी, सही करायची आणि मी थैली भरून सील मारायचं. प्रती काढणारं मशीन त्याच खोलीत आहे. मी प्रती काढून मूळ कागद आणि प्रती सगळं फोल्डरात घातलं, तेवढ्यात फोन वाजला. बाईसाहेब. त्यांच्या भाचीसाठी बूट पाठवायचे होते, पण खोका अजून दुकानातून आला नव्हता, तर थैली थांबेल का? मी म्हणालो की थैली थांबत नाही, कलम सत्तावीस. त्या म्हणाल्या, बरं. एवढं बोलणं होईपर्यंत हातातलं फोल्डर मी टेबलावर ठेवलं होतं, बाकीच्यांवर. मग मी मोजलं. नऊ. यादीत लिहिलं, ‘निळी फोल्डरे, नग नऊ’. मी सही केली, साहेबांनी सही केली, थैलीचा गळा आवळला, सील दाबलं आणि चार वाजता गाडी थैली घेऊन विमानतळावर गेली. तिथून पुढे तिला शुक्रवारचं विमान होतं. शिशावर चिन्ह इतकं स्वच्छ उठलं होतं की मी दोन मिनिटं बघत राहिलो.

संध्याकाळी मुलीने दारातच हात पुढे केला. मी पिशवीत बघितलं, पिशवी उलटी केली, डबा उघडून बघितला. मग मला ते नऊ आठवले आणि मी खुर्चीत बसलो. वकिलातीत विभाग आठच आहेत, प्रत्येकाचं फोल्डर एक.

बुधवारी सकाळी मी तिसऱ्या सचिवांसमोर उभा राहिलो. हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण अधिकारी आपली भाषा वर्गात बसून शिकून आलाय, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर असतं आणि ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं.

“साहेब, माझं एक फोल्डर थैलीत गेलं.”

“थैलीत एकूण किती फोल्डर आहेत?”

“नऊ.”

“आणि यादीत?”

“नऊ.”

“मग जास्तीचं कोणतं?”

“आठ आपली, साहेब. नववं माझ्या मुलीचं. तिच्या गुणपत्रिका आहेत. सोमवारी दाखवायच्यात, नाहीतर जागा जाते.”

“यादीवर सही कोणाची आहे?”

“वर माझी,” मी म्हणालो. “खाली आपली.”

 मग त्यांनी मला जे समजावलं ते इतकं चोख होतं की ऐकताना मला अभिमान वाटला, आणि संपल्यावर रडू आलं. थैलीत खाजगी कागद घालणं म्हणजे कराराचा भंग. ही वकिलात कराराचा भंग करत नाही. म्हणून थैलीत खाजगी कागद नाहीत.

“आपली अडचण मला समजते आहे,” साहेब म्हणाले, “परंतु आपल्या मुलीची कागदपत्रं थैलीत असू शकत नाहीत.”

“मग ती कुठे आहेत, साहेब?”

“ते सांगण्याचा मला अधिकार नाही.”

फार गळ घातल्यावर ते तसं लेखी द्यायला तयार झाले. ‘या वकिलातीच्या थैलीत कोणतेही खाजगी कागद नसतात’ हे पत्र अर्थात मीच टाइप केलं, आणि सवयीने खाली ‘ही वकिलात या संधीचा लाभ घेऊन आपल्याप्रती अत्युच्च आदराची पुन्हा ग्वाही देते’ हेही टाइप केलं. स्वतःला अत्युच्च आदराची ग्वाही देणारा जगातला मी पहिलाच माणूस असेन.

गुणपत्रिकांची दुय्यम प्रत मिळते, पण त्याला पोलिसांचा हरवल्याचा दाखला लागतो. गेलो ठाण्यावर. तिथल्या अंमलदाराने वही उघडली. विचारलं, “कुठे हरवल्या?”

“हरवल्या नाहीत. थैलीत आहेत.” खरं बोलायची ही कोण घाई मला.

“मग चोरी?”

“नाही. मीच घातल्या.”

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुमची वस्तू, तुम्हीच बॅगेत घातली, बॅग कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. तक्रार कोणाविरुद्ध लिहू?”

मी वकिलातीचं पत्र पुढे केलं. त्याने दोनदा वाचलं. “हे तर म्हणतात बॅगेत नाही.”

“हो, तेच. बॅगेत नाही म्हणजे हरवल्या. हरवल्या असं लिहा.”

“पण तुम्ही मघाशी म्हणालात बॅगेत आहेत. ते मी लिहून घेतलंय.” त्याने वही फिरवून दाखवली. अक्षर माझ्याइतकं चांगलं नव्हतं, पण वाचता येत होतं.

गुरुवारी मी महाविद्यालयाच्या खिडकीवर गेलो. प्रवेशाच्या बाईंना सगळी हकीकत सांगितली, अगदी एकसष्ट सालच्या करारापासून. मागे रांग वाढत होती. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मूळ कागद?” माझ्याकडे एकच मूळ कागद होता. प्रती काढताना मशीनच्या झाकणाखाली राहून गेलेला. मुलीचं चौथीतलं हस्ताक्षर स्पर्धेचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र. तेही त्या फोल्डरात का होतं ते तिच्या आईला विचारा. मी ते पुढे सरकवलं. बाईंनी ते बघितलं, परत दिलं आणि म्हणाल्या, “सोमवारी पाच. पाचनंतर मी पुढच्या नंबराला फोन करणार. त्या मुलालाही आईबाप आहेत.” 

एव्हाना इमारतीत बभ्रा झाला होता. इतकी वर्षं ज्यांना मी करार शिकवला ते सगळे आता मला शिकवायला आले. एकजण म्हणाले, वर्तमानपत्रात द्या. एक म्हणाले, थेट तिकडच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहा, अक्षर चांगलंय तुमचं. पण सगळ्यांत धोकादायक होते वरच्या मजल्यावरचे बेलीफकाका. हे कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्यामुळे बंद दार त्यांना सहन होत नाही.

“संशय आला तर थैली उघडायला सांगता येते,” बेलीफकाका म्हणाले. “नाही उघडली तर जिथून आली तिथे परत. मी वाचलंय.”

“ते कॉन्सुलर थैलीचं, काका, व्हिसा-पासपोर्टवाल्या कचेरीच्या. तो त्रेसष्टचा करार. आमची राजनैतिक, एकसष्टची.”

“दोन वर्षांनी काय फरक पडतो?”

“जमीन-अस्मानाचा पडतो. तुम्ही कृपा करून यात पडू नका.”

अशा माणसाला पडू नका म्हणणं म्हणजे आमंत्रणच. शुक्रवारी सकाळी त्यांनी विमानतळावर निनावी फोन केला की अमक्या वकिलातीच्या थैलीत काहीतरी काळंबेरं आहे. निनावी कसला, शेवटी स्वतःचं नाव सांगूनच ठेवला, सवय जाते थोडीच. विमानतळावरच्या मालविभागाने थैली उघडली नाही, कायदा पाळला, पण वास घेणारं कुत्रं आणून तिच्याभोवती फिरवलं. ते कुत्रं दोनदा फिरलं आणि थैलीला टेकून बसलं. त्या कुत्र्यांना असं शिकवलेलं असतं की बसणं म्हणजे ‘सापडलं’. फक्त हे बसल्यावर शेपटीही हलवत होतं, ते मालविभागाच्या नियमात बसेना. मला मात्र विमानतळावरून आलेल्या फोनवर ऐकताक्षणी कळलं. त्या फोल्डरावर आमच्या इमारतीखालच्या चार कुत्र्यांचा वास होता. मुलगी त्यांना कुरवाळल्याशिवाय परीक्षेलासुद्धा जात नसे. तिची गुणवत्ता त्या आठवड्यात एकट्या त्या कुत्र्याने ओळखली.

मग व्हायचं ते झालं. विमानवाल्यांनी थैली चढवायला नकार दिला, विमान गेलं, आणि थैली बंदोबस्तात वकिलातीत परत आली. राजदूतसाहेब लाल. इथल्या परराष्ट्र खात्याकडे तीव्र निषेधाचं पत्र पाठवायचं ठरलं. टाइप कोणी केलं? माझ्या शेजाऱ्याने माझ्या मुलीसाठी केलेल्या फोनबद्दल माझ्याच सरकारचा मी माझ्या हाताने निषेध केला, चार प्रतींत. एकही चूक नाही.

आणि थैली? ती माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली माझ्या खिशात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला निदान कळसा काखेत आहे हे माहीत नव्हतं.

शनिवार-रविवार वकिलात बंद. ते दोन दिवस घरात कसे गेले ते सांगत नाही. ही माझ्याशी बोलत नव्हती, म्हणजे कामापुरतं बोलत होती, ते जास्त वाईट. रविवारी दुपारी एकदम म्हणाली, “अहो, मी येऊ का उद्या? त्या बाईसाहेबांना भेटते. बाई आहेत, त्यांना कळेल.”

“तसं चालत नाही. तिथे शिष्टाचार असतो.”

“मी पाया पडते त्यांच्या.”

“तू माझी अब्रू घालवू नकोस,” मी म्हणालो. असं म्हणालो. पुढे कधी कोणी माझ्या शहाणपणाचा हिशेब मांडलाच तर हे वाक्य वरच्या ओळीत घ्यावं.

मुलगी मधे पडली. “आई, राहू दे. बाबांना तिथलं सगळं माहीत आहे. ते बघतील बरोबर.”

सोमवारी अकराच्या सुमाराला तिसरे सचिव माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात बुटांचा खोका होता. थैली अजून इथेच आहे हे बाईसाहेबांना कळलं होतं आणि भाचीचं लग्न शनिवारी होतं.

“थैली उघडावी लागेल,” साहेब म्हणाले.

 मी म्हणालो, “साहेब, थैली उघडता येत नाही ना?”

“दुसऱ्यांना. पाठवणाऱ्याला येते. राजदूतसाहेबांनी लेखी आदेश दिलेला आहे. हा खोका आत ठेवायचा, यादीत जोडायचा आणि पुन्हा सील करायचं.” मग त्यांनी खोका टेबलावर ठेवला. “यादीत नऊ फोल्डर आहेत हे लक्षात असू द्यावं.”

मी कपाट उघडलं. थैली टेबलावर ठेवली. पक्कडीने सील तोडलं, दोरी सोडली. वरच होतं. सगळ्यांत वर, शेवटचं ठेवलेलं म्हणून. कोपऱ्यावर मुलीने पेनाने एक बारीक कुत्रं काढलंय, ते दिसत होतं.

साहेबांनीही ते बघितलं. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “मला एक फोन करायचा आहे. पाच मिनिटं लागतील. कदाचित सात.” ते बाहेर गेले आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. ते दार बावीस वर्षांत कधी कोणी ओढून घेतलेलं नाही. त्याच्यामागे टपालाच्या पेट्या असतात, त्या आधी सरकवाव्या लागतात. त्यांनी त्या सरकवल्या.

मला कळलं. नाही कळलं असं म्हणायची सोय नाही. लहान पोराला कळलं असतं.

आता इथून पुढचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. खोलीत मी, उघडी थैली आणि सात मिनिटं. महाविद्यालय तिथून बसने अर्धा तास. मी फोल्डर बाहेर काढलं. हातात धरलं. मग बुटांचा खोका बघितला. जड वस्तू नेहमी तळाशी जाते, नाहीतर कागद चुरगळतात, हे मी नव्या माणसांना शिकवत आलोय. म्हणून मी बाकीची आठही बाहेर काढली, खोका तळाशी बसवला, नीट बसला नाही म्हणून आडवा केला, आणि त्याच्यावर फोल्डरं रचायला घेतली. एक, दोन, तीन. मोजत होतो. आठपर्यंत आलो. यादीत नऊ होते. नववं माझ्या डाव्या हातात होतं. मी ते वर ठेवलं. गळा आवळला, दोरीची गाठ मारली, शिसं बसवलं आणि पक्कड दाबली.

भ्यालो का? भ्यालोच. तिसऱ्या सचिवाचं काही वाकडं झालं तर त्याला विमानात बसवून मायदेशी पाठवतील, त्याला संरक्षण आहे, करार आहे. आम्ही इथेच भरती झालेले, आम्हाला त्या करारात दीड ओळ आहे. मला कुठे परत पाठवणार? निवृत्तीला तीन वर्षं. हे सगळं खरं, आणि हे सगळं मला सील दाबून झाल्यावर सुचलं. आधी काहीच सुचलं नव्हतं. आधी फक्त नऊ पुरे करायचे होते. मी एक सरळ, नेकीचा माणूस आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. मी नुसता सवयीचा माणूस निघालो.

साहेब आठ मिनिटांनी आले. बंद थैली बघून बरं वाटल्यासारखं हसले. “झालं ना आपलं?”

“झालं, साहेब. खोका तळाशी ठेवलाय. फोल्डरं नऊ.”

“नऊ,” ते म्हणाले.

“नऊ.”

“म्हणजे आपण...” एवढं म्हणून ते थांबले. माझ्या टेबलाकडे बघितलं, माझ्या खांद्याच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचं वाक्य अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना पुन्हा थैली उघडायला सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण आदेश एकदाच उघडायचा होता, आणि दारात गाडीवाला उभा होता. साहेबांनी यादीवर सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. बारा वाजता थैली गेली.

घरी गेलो तेव्हा साडेतीन वाजले होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून का गेलो ते मलाच माहीत नाही. मुलगी बाहेरचे कपडे घालून तयार बसली होती, वेणी घट्ट घातलेली, मांडीवर पर्स.

“उघडली का, बाबा?”

“नाही,” मी म्हणालो. “विनवण्या केल्या. नाहीच उघडली.”

 ती उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. “तुम्ही जेवला नसाल,” म्हणाली आणि ताट वाढलं. मी जेवलो. तिची आई खिडकीशी पाठ करून उभी होती. पाच वाजले तेव्हा कोणीच घड्याळाकडे बघितलं नाही.

दोन महिन्यांनी फोल्डर परत आलं, थैलीतूनच, सगळे कागद आणि सगळ्या प्रती जशाच्या तशा. वर मुख्य कार्यालयाचा शेरा होता की सदर कागद कार्यालयाशी संबंधित नाहीत, पाठवणाऱ्यास समज द्यावी. समज मला तिसऱ्या सचिवांनी लेखी दिली, आणि ती टाइप मी केली. बुटांबद्दल शेरा नव्हता. बाईसाहेबांच्या भाचीला ते नीट बसले असं कानावर आलं.

मुलगी आता औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते. माणसांच्या औषधांच्या. पुन्हा परीक्षेला बस म्हटलं तर नको म्हणते. तिसऱ्यांदा तो अभ्यास काढवत नाही म्हणते. ते मला पटतं. खालच्या कुत्र्यांना पोळी घालते, पण कुरवाळत नाही, हात धुवावे लागतात म्हणते. ते मला पटत नाही.

परवा सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. दार उघडं होतं आणि मी आत चपला घालत होतो. मुलगी पुढे जिन्यात गेली होती, तिथे तिला बेलीफकाका भेटले. त्यांचा आवाज मुळातच मोठा.

“तुझ्या बापाने जरा जोर लावायला हवा होता,” काका म्हणत होते. “एवढी वर्षं तिथे काढली आणि एक बॅग उघडून घेता आली नाही? नुसता राजदूत म्हणवून घेतो.”

“काका, बाबांना काही बोलायचं नाही,” मुलगी म्हणाली. एवढ्या कडक आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “त्यांना कोणी उघडूच दिली नाही. नुसती पाच मिनिटं मिळाली असती ना, तर माझ्या बाबांनी नोकरी पणाला लावून काढून आणलं असतं.”

 ती खाली उतरून गेल्याचा आवाज आला. मी चपला काढून ठेवल्या आणि आत येऊन बसलो.